भिंगरीने लेखी दिलंय

३ जून

ताई,

वाकून नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. नीट चष्मा लावून वाच.

काल दुपारी साडेतीनला माझा प्रोग्राम बंद केला. डेपोने नवा प्रोग्राम विकत घेतलाय, त्या कंपनीची दोन पोरं आली, त्यांनी डेपोच्या ऑफिसातला माझा काळा स्क्रीन पाहिला आणि एकाने चक्क मोबाइलवर त्याचा फोटो काढला. बावीस वर्षं त्या स्क्रीनवरून दीडशे ड्रायव्हर आणि तेवढेच कंडक्टर यांच्या ड्युट्या लागत होत्या. कोण पहाटेच्या गाडीवर, कोण मुक्कामी, कोणाची सुट्टी, सगळं. ड्युटीमास्तर पार्टिशनच्या पलीकडून ओरडायचा, "अहो, सत्तावीस नंबरला दोन ड्रायव्हर दाखवतोय!" आणि मी बसल्या जागी प्रोग्राम उघडून दोन ओळी बदलायचो. पलीकडे ड्रायव्हर चहा संपवेपर्यंत त्याची ड्युटी सरळ झालेली असायची. विचारायचं कोणाला? प्रोग्राम लिहिणारा मी, दुरुस्त करणारा मी, शिव्या खाणारा पण मीच.

त्या पोरांनी एक बटण दाबलं आणि संपलं. ड्युटीमास्तर नाक शिंकरत बसला होता. मी त्याला म्हटलं, अहो, माणूस नाही गेलं. तर म्हणाला, "तुमचं काय जातंय? मला आता नवीन शिकायचंय." माझं काय जातंय! महिनाअखेर माझी नोकरी जातेय, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

चार ठिकाणी मुलाखती झाल्या. शेवटच्या ठिकाणी समोर बसलेला मुलगा फार तर पंचविशीतला असेल. अगदी आदराने बोलत होता, त्याचाच जास्त त्रास झाला. त्याने विचारलं, प्रोग्राममध्ये बदल केला की जुना कुठे सांभाळून ठेवता? मी म्हटलं, फाईलची कॉपी करतो, तिच्या नावापुढे तारीख घालतो आणि कपाटात ठेवतो. तो "वा, छान" म्हणाला आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

हिच्या मणक्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. डेपोचा विमा महिनाअखेरपर्यंतच आणि डॉक्टरने दिलेली तारीख त्यानंतरची. ती म्हणते, दुखणं काही पळून जात नाही. रात्री कुशीवर वळताना मात्र दात आवळते, ते मला ऐकू येतं.

तुला काळजी लावायला लिहीत नाही. सहज लिहिलं.

तुझा,
खटपट्या


११ जून

खटपट्या,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला दे, तुला एवढे पेलायचे नाहीत.

सहज लिहिलं म्हणे! लहानपणी रेडिओ उघडून स्क्रू हरवलास की असाच "सहज आलो" म्हणत माझ्या मागे येऊन उभा राहायचास. मला काय नवीन आहेस तू?

आता नीट ऐक. माझी भिंगरी तुझ्याच शहरात, तुझ्यापासून तासाभरावर एवढ्या मोठ्या कंपनीत टीम लीड आहे, हे विसरलास की तोंड शिवलंय तुझं? ती नऊ वर्षांची असताना तूच तिला तुझ्या त्या काळ्या स्क्रीनसमोर बसवून पाढे छापायचा प्रोग्राम लिहायला शिकवलंस. सुट्टीभर पोरगी तुझ्या घरून हलत नव्हती. आज ती जी काही आहे, त्याची सुरुवात तुझ्याकडे झाली. मग तिला सांगायला लाज कसली?

मी सांगितलं तिला. फक्त सुचवलं हं. म्हणाली, बघते. माझ्या मुलीचं "बघते" म्हणजे झालंच समज.

आणि वयाचं रडगाणं बंद कर. मी पन्नाशीला टेकले तेव्हा पायमशीन सोडून मोटरच्या मशीनवर बसले. पहिल्याच आठवड्यात सुई बोटातून आरपार. आज शाळेचे दहा-दहा गणवेश दिवसाला शिवून देते. बोट अजून जागेवर आहे.

ताई


२८ जुलै

ताई,

नमस्कार. लागलो. दहा जुलैपासून. सहा महिने प्रोबेशन, तेवढे निभावले की कायम. आणि कायम झालं की हिला विम्यात घेता येतं, तेही आधीपासूनच्या दुखण्यासकट. कागद मी तीन वेळा वाचलाय.

आता मजा ऐक. माझी टीम लीड भिंगरी! म्हणजे मी काय केलं ते रोज भाचीला सांगायचं आणि तिने मान हलवायची. पहिल्या दिवशी ती सगळ्यांसमोर मला "सर" म्हणणार होती, पण तोंडातून "मामा" निघालं. झालं, आता सगळी टीम मामा म्हणते. पंचविशीची, तिशीची पोरं आहेत. मामा, कॉफी? मामा, लंच? जीव लावतात, खोटं कशाला बोलू.

पण ताई, काम येत नाही गं. तुला म्हणून लिहितो. रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि एकेक जण काल काय केलं, आज काय करणार ते सांगतो. मी पहिला आठवडाभर "वाचतोय" एवढंच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात "अजून वाचतोय" म्हणालो तर एक पोरगी खाली बघून हसली. वाईट मनाने नाही, पण हसली.

आमचा प्रोग्राम डायलिसिस केंद्रांच्या वेळा लावतो. कोणता पेशंट, कोणत्या मशीनवर, किती वाजता. ऐकून मला वाटलं, ड्युट्याच की! ड्रायव्हरच्या जागी पेशंट, बसच्या जागी मशीन. पण इथे एक ओळ बदलायची तर आधी आपल्या कॉपीवर बदलायची, मग दोघांनी ती तपासायची, मग कॉम्प्युटर तपासणार, मग ती चाचणीच्या जागी चालवायची, आणि मग कुठे ती खऱ्याखुऱ्या ठिकाणी जाते. त्या खऱ्या ठिकाणाला इथे लाईव्ह म्हणतात. परवा एका शब्दाच्या दुरुस्तीला चार दिवस लागले. मी भिंगरीला म्हटलं, अगं, एवढ्या वेळात माझा ड्रायव्हर मुक्काम करून परत आला असता. ती हसली, पण मग म्हणाली, "मामा, इथे असंच करायचं. प्लीज."

संध्याकाळी सगळे गेले की ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि तासभर शिकवते. माझं अडलेलं हळूच करून देते. मी म्हणतो, सांग, मी करतो, तर म्हणते, आजचं राहू दे. असं रोजच राहतं.

खटपट्या


६ ऑगस्ट

खटपट्या,

आशीर्वाद. पत्र वाचून शेजारच्या शिक्षिकाबाईंना वाचून दाखवलं. फक्त "काम येत नाही" एवढं सोडून. घरातल्या गोष्टी घरात.

शनिवारी भिंगरी आली होती. मी विचारलं, मामा कसा आहे? "छान शिकतोय." बाकी? "बाकी काही नाही." ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटत होते तिचे. एवढं कसलं काम करता तुम्ही लोक? तिला अजून मोठा प्रोजेक्ट मिळणार आहे म्हणे, वर्षअखेरीस परदेशातल्या ऑफिसात दोन वर्षं. मला न ऐकू येणाऱ्या फोनवर ती दोन वर्षं कशी बोलणार देव जाणे, पण जाऊ दे. कष्टाने मिळवलंय पोरीने.

तू तिचं ऐक. ती वयाने लहान असली तरी तिथे ती मोठी आहे. मामेपणा करू नकोस. तिला दगदग होईल असं वागू नकोस आणि तुझी नोकरीही टिकव. दोन्ही जमव.

ताई


२३ सप्टेंबर

ताई,

आज लगेच लिहायला बसलोय, चहासुद्धा घेतला नाही. आज मी काम केलं! खरंखुरं काम. माझं काम.

झालं असं, की ह्या आठवड्यात सपोर्टचा फोन भिंगरीकडे आहे. म्हणजे कुठल्या केंद्रात काही अडलं की तिला फोन येतो. दुपारी तिची दाढ फारच ठणकायला लागली, डॉक्टर दोन तासांसाठीच मिळाला. सगळे मोठ्या मीटिंगमध्ये. तिने फोन माझ्या हातात दिला, माझ्या कॉम्प्युटरवर लाईव्ह उघडून दिलं आणि म्हणाली, "मामा, फोन आला तर फक्त लिहून घे. बघायचं तर बघ, हात लावू नकोस. मी आलेच."

ती गेली आणि वीस मिनिटांत फोन. कुठल्याशा केंद्रातली रिसेप्शनवरची बाई. अक्षरशः रडकुंडीला आलेली. उद्या सकाळी सहाला एकाच मशीनवर दोन पेशंट दाखवतंय, दोघांचेही नातेवाईक समोर उभे, दोघंही हटायला तयार नाहीत. ताई, तो आवाज ऐकला आणि मला माझा ड्युटीमास्तरच आठवला. सत्तावीस नंबरला दोन ड्रायव्हर! तीच भानगड, अगदी तीच. मी आत पाहिलं. कुठे चुकलंय ते मला पाच मिनिटांत दिसलं. जी गोष्ट बावीस वर्षं केली ती समोर आली तर हात बांधून बसायचं? माणूस तिकडे अडलंय आणि मी त्या बाईला म्हणू, चार दिवस थांबा?

दोन ओळी बदलल्या. बाई म्हणाली, "झालं! झालं सर! देव भलं करो तुमचं." सर म्हणाली ती मला. अडीच महिन्यांनी कोणीतरी सर म्हणालं.

भिंगरी दवाखान्यातून परस्पर घरी गेली, तोंड सुजलंय. उद्या तिला सांगतो. चकित होईल. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" आज ती पाठीवर पट्टा बांधून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि गोड करून घातलं.

तुझा खटपट्या
(नावाला जागलो की नाही?)


१५ ऑक्टोबर

खटपट्या,

अनेक अनेक आशीर्वाद! तुझं पत्र मी शिक्षिकाबाईंना सगळंच्या सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अनुभव तो अनुभवच. मी म्हटलं, मग! भाऊ कोणाचा आहे?

उत्तराला उशीर झाला कारण इथे माझा जीव थाऱ्यावर नाही. भिंगरी आली होती. मधल्या वारी, न कळवता. आली ती झोपली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. परदेशी कधी निघायचं विचारलं तर म्हणाली, "नाही जायचं आता. दुसरं कोणीतरी जाईल." का गं? "मलाच कंटाळा आला." कंटाळा? ह्या पोरीला? जी शाळेच्या सहलीचं पत्र आलं की आठ दिवस आधी पिशवी भरून तयार असायची! टीम लीड पण नाही म्हणे आता ती. "थोडे दिवस साधं काम करणार, डोक्याला आराम." आणि मान खाली.

मला खुळी समजते. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. माझा अंदाज सांगू? कोणीतरी आहे. तिथेच ऑफिसातला असणार. फसवलं असेल, नाहीतर जमत नसेल. ह्या वयात मुली असं हातातलं सगळं सोडून बसतात ते दुसऱ्या कशासाठी?

तू तिथे आहेस. तुला दिसत असेल, कोणाशी बोलते, कोणाशी बोलायचं टाळते. हळूच काढून घे तिच्याकडून. मला ती सांगणार नाही, मामाला सांगेल. आणि तो जो कोणी असेल ना, त्याचं नाव मला कळव. मी येऊन त्याची गचांडी धरते.

ताई


२१ ऑक्टोबर

ताई,

तो जो कोणी आहे तो मी आहे. धर गचांडी.

तुझं पत्र आलं, तेव्हाच मला कळलं की तिने तुला काहीच सांगितलेलं नाही. मीही चार आठवडे लिहिलं नाही. आता सगळं लिहितो.

मी ज्या दोन ओळी बदलल्या, त्या फक्त त्या बाईच्या केंद्रासाठी बरोबर होत्या. माझा जुना प्रोग्राम एका डेपोचा होता, ताई. इथे एकच प्रोग्राम चौतीस केंद्रं चालवतो. हे मला माहीत होतं. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या वेळी हाताला माहीत नव्हतं. त्या बाईचं काम झालं आणि बाकीच्या केंद्रांत दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या सगळ्या वेळा दुपारवर गेल्या. पहाटे लोक आले, आणि त्यांना सांगितलं, तुमचं नाव नाही, दुपारी या. काही दुसऱ्या गावाहून आले होते. बऱ्याच केंद्रांनी जुनी यादी बघून सावरून घेतलं, तरी एकूण एकोणीस माणसं परत गेली. त्यातल्या एका आजोबांना संध्याकाळपर्यंत श्वास लागला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तीन दिवसांनी ते घरी गेले. आता बरे आहेत. मी रोज विचारत होतो, शेवटी तिथल्या माणसाने मला फोन करू नका म्हणून सांगितलं.

त्या सकाळी मी ऑफिसात शिट्टी वाजवत शिरलो होतो.

भिंगरीच्याही वरच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं, किती वाजता, कोणत्या कॉम्प्युटरवरून, काय बदललं. माझाच कॉम्प्युटर, माझंच नाव. इथे सगळं नोंदलं जातं. मॅडमनी विचारलं, हे कोणाच्या परवानगीने? मी भिंतीवरचं माझंच नाव वाचत होतो. आणि भिंगरी म्हणाली, "माझ्या. मामांनी मला फोन केला होता, मीच त्यांना बदल करायला सांगितलं. मी दवाखान्यात होते, नीट विचार केला नाही." गाल सुजलेला, शब्द नीट फुटत नव्हते. मी तिला फोन केला नव्हता, ताई. तिने काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच की हात लावू नकोस.

मी तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. हे मी कोणाला सांगू? सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या मी, आणि भाचीच्या मागे लपलो.

तिने ते लेखी दिलंय. सही करून. तिचं लीडपद गेलं, परदेश गेला. आता ती माझ्याच रांगेत बसते, माझ्यासारखीच साधी. मला कोणी काही म्हणालं नाही. सांगितलं ते केलं, असं माझ्या नावावर लागलं. मामांची काही चूक नाही, असं पोरं मला मुद्दाम येऊन सांगतात.

मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, अगं, का केलंस? ती म्हणाली, "मामीचं ऑपरेशन आहे ना." मी म्हटलं, ते मी बघीन, तुझं काय? तर म्हणाली, "मी आईला शब्द दिलाय, मामा. आता विचारू नकोस."

कसला शब्द, ताई? तू तर म्हणालीस, फक्त सुचवलं.

खटपट्या


२७ ऑक्टोबर

खटपट्या,

पत्र चारदा वाचलं. कोणाला वाचून दाखवलं नाही.

सुचवलं नव्हतं मी. जूनमध्ये तुझं पत्र आलं त्याच दिवशी गाडीत बसून मी तिच्याकडे गेले होते. तुला कळवलं नाही, तुझ्या घरीही आले नाही. ती आधी नाही म्हणत होती. म्हणाली, "आई, मामाला तिथे जड जाईल. रोज अपमान झाल्यासारखं वाटेल त्याला. मी त्याच्यासाठी दुसरीकडे बघते, त्याला जमेल असं." मला वाटलं, मोठी झाली आणि मामाची लाज वाटायला लागली. मी चिडले. नको नको ते बोलले. ज्याने तुला बोट धरून शिकवलं त्याला दारात उभं करायची नाहीस तू, असं बोलले. आणि तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून वदवून घेतलं, की मामाला सांभाळून घेईन, काहीही झालं तरी त्याची नोकरी जाऊ देणार नाही. ती रडली, पण तिने शब्द दिला. मी खूश होऊन परतीची गाडी पकडली.

पोरीने तो पाळला. माझ्या शब्दाखातर पोरीने स्वतःचं वाटोळं करून घेतलं आणि मी इथे कोणी फसवलं म्हणून बोटं मोडत बसले.

आता तू मला विचारशील, काय करू? काय सांगू रे मी तुला? खरं सांगून टाक म्हणावं तर तुझी नोकरी जाते आणि तुझ्या बायकोची पाठ. ती बिचारी मला एका शब्दाने कधी वाईट बोलली नाही. गप्प बस म्हणावं तर माझ्या पोटच्या पोरीच्या नावावर तो डाग आयुष्यभर. दोन दिवस मशीनवर बसले नाही. गणवेशवाले दारात येऊन गेले, त्यांना सांगितलं, बरं नाही.

तू भाऊ आहेस आणि ती मुलगी. देवाने दोघांतलं एक मागितलं असतं तर मी स्वतः जाते म्हटलं असतं. पण मला कोण मागतंय?

तुला जे योग्य वाटेल ते कर. नाही, असं लिहून मी हात झटकतेय. तरी कर.

ताई


१९ डिसेंबर

खटपट्या,

दोन महिने होत आले. पत्र नाही. भिंगरीही आलेली नाही, मोबाइलवर "बरी आहे" एवढेच दोन शब्द पाठवते. मी तिला लिहिलं, तुझा शब्द मी परत घेतला, मोकळी केली तुला. तिने उत्तर दिलं, "आता त्याचा उपयोग नाही, आई." रागाने नाही लिहिलं तिने, रागाने लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तू काहीतरी लिही. काहीच केलं नसशील तर तसं लिही.

ताई


१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. काहीच केलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. गोल करून उभे राहिलो की भिंगरी तिचं सांगायची, मग माझी पाळी यायची आणि मी माझं काम सांगून गप्प बसायचो. असे अडीच महिने काढले. काम आता थोडं येतं. तिनेच शिकवलं, अजूनही शिकवते, संध्याकाळी खुर्ची ओढून.

शुक्रवारी माझे सहा महिने पूर्ण व्हायचे होते. गुरुवारी मी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेलो. ठरवून गेलो, ताई, हिलाही सांगून गेलो. ही म्हणाली, "जा. मी अशीच राहीन, मला सवय झालीय." दाराशी मला डबा देताना भिंतीला धरून उभी होती.

मॅडमच्या टेबलावर माझं कायम झाल्याचं पत्र होतं, वरती माझं नाव दिसत होतं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. मॅडम, त्या दिवशी मला कोणी परवानगी दिली नव्हती. मी फोनच केला नव्हता. तिने हात लावू नका म्हणून बजावलं होतं आणि तरी मी लावला.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाई वाईट नाही. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तिने लेखी दिलंय. तुम्ही आज जे म्हणताय त्याचा अर्थ काय होतो, कळतंय ना? माणसाकडून चूक झाली तर आम्ही त्याला मागे बसवतो, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पुढे आणतो. कोणी खोटं लिहून दिलं तर ठेवतच नाही. पेशंटचं काम आहे हे, ह्यात मलाही काही करता येत नाही. तुम्ही हे बोललात की तुम्ही जाल आणि तीही जाईल. तिच्या कागदावर खोटेपणा म्हणून लागेल. पुढे कुठे जाईल ती?"

मला हे माहीत नव्हतं, ताई. मला वाटलं होतं, मी खरं बोललो की ती सुटेल. एवढ्या एका गोष्टीवर मी अडीच महिने धीर गोळा करत होतो.

मग त्या उठल्या. म्हणाल्या, "मी बाहेर जाऊन पाणी पिऊन येते. आल्यावर तुम्ही कशासाठी आला होतात ते मला नव्याने सांगा."

मी एकटा उभा राहिलो. काचेतून भिंगरी दिसत होती, पाठमोरी. मी इथे आलोय हे तिला माहीत होतं, आत शिरताना तिने मला पाहिलं होतं. ती मागे वळून बघत नव्हती.

मॅडम आल्या. खुर्चीत बसल्या. "हं, बोला."

मी म्हणालो, रजा हवी होती. पुढच्या महिन्यात बायकोचं मणक्याचं ऑपरेशन करायचं म्हणतोय.

"किती दिवस?"

पंधरा दिवस.

त्यांनी ड्रॉवरमधून अर्ज काढला, माझ्यापुढे सरकवला. मी नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. खाली एक रकाना होता, तुमच्या गैरहजेरीत तुमच्या कामाची जबाबदारी कोण घेणार? तिथे माझा हात थांबला. मॅडमनी थोडी वाट पाहिली, मग अर्ज आपल्याकडे फिरवून घेतला आणि त्या रकान्यात भिंगरीचं नाव स्वतःच लिहिलं. अर्ज परत माझ्यासमोर ठेवला.

मी सही केली, ताई.

खटपट्या